मत्स्यालयातील पाणी

घरगुती काचेच्या टाकीत गोड्या पाण्यातले मासे जगवायचे, तर आधी पाणी जगवावे लागते. पाणी नितळ दिसले म्हणजे ते निरोगी असतेच असे नाही. माशांचा घात करणारे अमोनिया आणि नायट्राइट या दोन्हींना रंग नसतो.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच उरलेले खाद्य कुजून अमोनिया तयार होतो. नायट्रोसोमोनास व त्यांसारखे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने सौम्य असते. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजावर, वाळूवर आणि काचेवर वसतात. नव्या टाकीत त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आणली त्याच संध्याकाळी दहा मासे सोडले, तर आठवडाभरातच ते एकेक करून मरू लागतात, आणि दोष मात्र दुकानदाराला दिला जातो. स्पंज नळाखाली खळखळून धुणे ही तशीच सर्रास चूक. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात, म्हणून स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

पुण्याच्या नळाला मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या धरणसाखळीचे पाणी येते. सह्याद्रीतल्या पावसाचे हे पाणी मृदू, म्हणजे कमी क्षारांचे असते. टेट्रा, एंजल हे मासे त्यात रमतात. बेसाल्ट खडकातून येणारे बोअरचे पाणी मात्र बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचे असते, ते गप्पी आणि मॉलीला मानवते. टँकर कुठून भरला हे कळत नसेल, तर एकदम जास्त पाणी बदलू नये.

दर आठवड्याला पंचवीस टक्के पाणी बदलणे पुरते. २ × १ × १ फुटांच्या टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते, म्हणजे बदलायचे पाणी सुमारे १४ लिटर, एक बादली. नळाचे पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवले, तर साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीन (सोडियम थायोसल्फेट) घालावे. पुण्यात देखभालीसाठी पाणीपुरवठा बंद ठेवला, तर तो बहुधा गुरुवारी असतो आणि शुक्रवारी सुरुवातीला गढूळ पाणी येऊ शकते. त्यामुळे पाणी बुधवारीच बदललेले बरे.

पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. एप्रिल-मेमध्ये मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर आधी एअर पंप जोरात लावावा आणि खाद्य निम्मे करावे.