कप फुटला की फोडला?

स्वयंपाकघरातून खळ्ळकन आवाज येतो. पाठोपाठ पोराची हाक, "आई, कप फुटला!" आणि आईचा ठरलेला प्रश्न, "फुटला की फोडलास?"

या प्रश्नात केवढं व्याकरण दडलंय पाहा. फुटणं-फोडणं, तुटणं-तोडणं, जळणं-जाळणं, मरणं-मारणं. जोडीतल्या पहिल्या क्रियापदात गोष्ट आपली आपण घडते, दुसऱ्यात ती कुणीतरी घडवतं. शिवाय मराठीत मधली एक जागाही आहे: "माझ्या हातून फुटला." मुद्दाम नाही केलं, पण हात माझाच होता. ही तिसरी रचना मला आपल्या भाषेचं मोठं धन वाटते. इंग्रजीतला 'कोलॅटरल डॅमेज', म्हणजे नेम एकावर धरताना बाजूच्यांचं झालेलं नुकसान, हा शब्दप्रयोग कानावर पडला की मला नेमकी तीच आठवते, कारण त्यात सगळं असतं, फक्त हात नसतो.

'कोलॅटरल' हा शब्द मुळात निरुपद्रवी. लॅटिनमध्ये 'लाटुस' म्हणजे बाजू, कूस. बाजूला असणारं, सोबतीने चालणारं ते कोलॅटरल. इंग्रजीत चुलत शाखेतल्या नातेवाइकांना तो लावतात, बँकेत कर्जाच्या तारणाला लावतात, गुडघ्याच्या दोन्ही अंगांच्या अस्थिबंधांनाही लावतात. त्याला 'डॅमेज' चिकटलं ते शीतयुद्धाच्या काळात. थॉमस शेलिंग या अर्थतज्ज्ञांच्या १९६१ सालच्या एका लेखात हा प्रयोग सापडतो. अण्वस्त्रांचा मारा लष्करी तळांवर झाला तर आजूबाजूच्या लोकवस्तीचं काय होईल, असा तो विषय. म्हणजे शब्द जन्मला तो हिशेबाच्या कागदावर, आणि 'बाजूचं नुकसान' या कोरड्या नावाखाली माणसं मोजली जाऊ लागली.

घराघरांत तो पोचला आखाती युद्धात. १३ फेब्रुवारी १९९१ च्या पहाटे बगदादमधल्या अमिरिया भागातल्या आश्रयस्थानावर अमेरिकी विमानांनी दोन बॉम्ब टाकले. ते लष्कराचं नियंत्रणकेंद्र आहे, असं अमेरिकेचं म्हणणं होतं. आत चारशेहून अधिक नागरिक मेले, त्यात बहुतांश बायका-मुलं. पुढे १९९९ मध्ये कोसोव्होच्या युद्धात नाटोच्या तोंडी हा शब्द वारंवार आला, तेव्हा जर्मनीतल्या परीक्षकमंडळाने त्याच्या जर्मन रूपाला त्या वर्षीचा 'अपशब्द' ठरवलं. जर्मनीत दरवर्षी असा एक निषेधार्ह शब्द निवडतात.

आज इंग्रजी बोलणारा माणूस हा शब्द दिवसभरात कुठेही वापरतो. घटस्फोटात मुलं कोलॅटरल डॅमेज, दोन साहेबांच्या भांडणात कारकून कोलॅटरल डॅमेज, रस्ता रुंद करताना कोपऱ्यावरचं वडाचं झाड कोलॅटरल डॅमेज. युद्धातले शब्द रोजच्या बोलण्यात आले की त्यांची धार जाते, हे नेहमीचंच. आपण सर्रास 'डेडलाइन' म्हणतो. अमेरिकी यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जियातल्या अँडरसनविल इथल्या युद्धकैद्यांच्या छावणीत ती एक खरीखुरी रेषा होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. भाषाशास्त्रात या बोथट होण्याला अर्थाचा रंग विटणं म्हणतात.

'कोलॅटरल डॅमेज'ची गोष्ट मात्र मला वेगळी वाटते. याला मुळातच रंग नव्हता. तो भरला रोजच्या वापराने, आणि तोही बोलणारा बदलल्यामुळे. युद्धात हा शब्द मारा करणारा वापरतो. नोकरीवरून काढलेला माणूस "मी फक्त कोलॅटरल डॅमेज होतो" म्हणतो, तेव्हा तो मार बसलेल्याच्या तोंडून येतो. मग तेच दोन शब्द आरोप होतात: तुमच्या हिशेबात मी माणूस नव्हतोच. आईबापांच्या भांडणात वाढलेलं मूल मोठेपणी स्वतःबद्दल हे म्हणतं, तेव्हा त्यात सौम्यपणाचा लवलेश नसतो.

टिमोथी मॅकव्हे याने १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारत उडवली. १६८ माणसं मेली, त्यात १९ लहान मुलं. त्या मुलांना त्याने 'कोलॅटरल डॅमेज' म्हटलं. तो आखाती युद्धात लढलेला सैनिक होता. शब्द त्याने बरोबर आणला होता.

'नकळत झालं' आणि 'माहीत असून होऊ दिलं' यांत फरक आहे, आणि हा शब्द तोच पुसतो. लष्करात हल्ल्याआधी अशा नुकसानीचा अंदाज काढण्याची रीतसर पद्धत आहे. युद्धाचे नियम घालणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक करारात अट आहे की नागरिकांची संभाव्य हानी अपेक्षित लष्करी फायद्याच्या मानाने अवाजवी नसावी. अंदाज काढायचा म्हणजे आधी कळलेलं असणार. इच्छा नसेल, पण कल्पना असते.

मग कल्पना असून केलेली हानी लोक 'मुद्दाम' समजतात का? तत्त्वज्ञ जोशुआ नोब यांनी न्यूयॉर्कच्या एका बागेत लोकांना एक गोष्ट सांगितली. कंपनीच्या अध्यक्षाला कळतं की नव्या योजनेने नफा वाढेल, पण पर्यावरणाची हानी होईल. तो म्हणतो, पर्यावरणाचं मला काही नाही, नफा हवा. हानी होते. त्याने ती मुद्दाम केली का? ८२ टक्के लोक हो म्हणाले. दुसऱ्या गटाला तीच गोष्ट सांगितली, फक्त हानीच्या जागी फायदा घातला. तो मुद्दाम केला असं म्हणणारे निघाले २३ टक्के. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाजूचं म्हणून जे सोडून द्यायला सांगितलं जातं, ते साध्या माणसाचं मन सोडत नाही.

पण वाक्य बदललं की मनही हलतं. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की यांनी २०१० मध्ये हॉटेलातल्या आगीचा वृत्तांत दोन प्रकारे लिहून लोकांना वाचायला दिला. एकात बाईने नॅपकिन पेटवला, दुसऱ्यात नॅपकिन पेटला. बाकी प्रसंग तोच. पहिला मजकूर वाचणाऱ्यांनी बाईला जास्त दोष दिला आणि तिच्याकडून भरपाईही जास्त मागितली. आपल्या आईचा प्रश्न प्रयोगशाळेत जाऊन सिद्ध झाला म्हणायचं.

एका क्षेत्रात मात्र हा शब्द मला प्रामाणिक वाटतो. अँटिबायोटिक घेतलं की रोगजंतूंबरोबर आतड्यातले उपयोगी जिवाणूही मरतात, आणि त्या मोकळ्या जागेत औषधाला दाद न देणारे जिवाणू फोफावतात. डॉक्टर याला कोलॅटरल डॅमेज म्हणतात ते धोका लपवायला नव्हे, तर गरज नसेल तर औषध लिहू नका, हे एकमेकांना बजावायला.

आपल्याकडे याच अर्थाची म्हण आहे, सुक्याबरोबर ओलंही जळतं. किती सहज म्हणतो आपण ती, दंगलीनंतर, कारखान्यातल्या संपानंतर. त्या म्हणीतही आग आहे, लाकडं आहेत, काडी लावणारा नाही. 'जळतं'च्या जागी 'जाळतात' घालून ती एकदा मोठ्याने म्हणून पाहा. समोरचा लगेच विचारेल, कोण?