जवळ पडलेल्या नालाची किंमत

अमेरिकी बोलण्यात एक वाक्य फार ऐकू येतं. कुणाचं काम अगदी थोडक्यात हुकलं की समोरचा म्हणतो, 'जवळपास' याला किंमत असते ती फक्त हॉर्सशूजमध्ये आणि हातबॉम्बमध्ये. बेसबॉलपटू फ्रँक रॉबिन्सनच्या तोंडचं हे वाक्य १९७३ मध्ये छापून आलं आणि पुढे सगळ्यांचंच झालं. हातबॉम्बचं ठाऊक नाही, पण घोड्याचा नाल खुंट्यावर फेकण्याच्या या खेळाबद्दल ते अर्धंच खरं आहे. घरामागच्या अंगणात जवळ पडलेल्या नालाला गुण मिळतो. वरच्या दर्जाच्या स्पर्धेत मात्र तो बहुतेक वेळा नुसताच मातीत पडून राहतो, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. असं का झालं, याचं उत्तर या खेळाच्या नियमांच्या इतिहासात आहे. हे नियम कुणी एका बैठकीत बसून ठरवलेले नाहीत. आधी खेळाडूंचा हात सुधारत गेला आणि नियम धापा टाकत त्याच्या मागून धावले.

मूळ खेळ दोन ओळींत सांगता येतो. एकमेकांपासून ४० फुटांवर दोन लोखंडी खुंटे. प्रत्येक डावात प्रत्येकाने दोन नाल फेकायचे. खुंट्याला वेढून बसला तो 'रिंगर', त्याचे ३ गुण. वेढला नाही, पण खुंट्यापासून सहा इंचांच्या आत पडला, तर १. खुंट्याला टेकून तिरका उभा राहिला तर त्याला 'लीनर' म्हणतात. दिसायला तो रिंगरपेक्षाही देखणा असतो, पण स्पर्धेत त्याचाही १च गुण.

खेळाच्या जन्माची एक कथा सर्रास सांगितली जाते. ग्रीक सैन्यामागून चालणाऱ्या गोरगरिबांना थाळीफेकीची थाळी परवडत नव्हती, म्हणून त्यांनी टाकून दिलेले नाल फेकायला सुरुवात केली म्हणे. कथा छान आहे, फक्त तिच्यात नाल कुठून आला हे कळत नाही. खिळ्यांनी ठोकलेल्या लोखंडी नालाचे खात्रीचे पुरावे युरोपात मध्ययुगातले आहेत. प्राचीन ग्रीकांच्या घोड्यांना असे नाल असल्याचं दाखवणारं भक्कम काही नाही. तेव्हा ही कथा कथा म्हणूनच घ्यावी. नात्यातला खरा पूर्वज म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडमधला क्वॉइट्स. त्यात जड लोखंडी कडं चिखलात रोवलेल्या खुंट्याकडे फेकतात. उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी १८८१ मध्ये याचे नियम लिहून काढले आणि खुंट्यांतलं अंतर ११ यार्ड, म्हणजे ३३ फूट ठरवलं. हा खेळ अमेरिकेत गेला. तिथे खास बनवलेलं कडं हाताशी नसेल, पण घोडे आणि खेचरं दारोदार होती आणि लोहाराच्या भट्टीबाहेर झिजलेल्या नालांचा ढीग पडलेला असायचा.

कड्याऐवजी नाल आला आणि खेळाचा स्वभावच बदलला. कडं बंद असतं, ते कसंही फिरत आलं तरी चारी बाजूंनी सारखंच. नालाला एक बाजू उघडी असते. म्हणजे नाल खुंट्यापाशी पोचेल तेव्हा त्याचं तोंड पुढे हवं, नाहीतर नेम अचूक असूनही नाल कपाळ आपटून परत उसळतो. नेमाबरोबर फिरकीही आली. पुढची शंभर वर्षं या एका गोष्टीवर चालली असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

या खेळाच्या अमेरिकी राष्ट्रीय संघटनेच्या इतिहासानुसार सगळ्यांना खुली अशी पहिली मोठी स्पर्धा १९१० च्या उन्हाळ्यात कॅन्ससमधल्या ब्रॉन्सन या छोट्या गावी झाली. ती फ्रँक जॅक्सनने जिंकली आणि त्याला नाल जडवलेला कमरपट्टा मिळाला. तेव्हाचा खुंटा जमिनीवर जेमतेम दोन इंच डोकावत असे. इतक्या बुटक्या खुंट्यावर घसरत आलेला नाल सहज पलीकडे निघून जायचा. त्यामुळे रिंगर ही दुर्मीळ गोष्ट होती आणि डाव बरेचसे 'कुणाचा नाल जास्त जवळ' यावरच सुटायचे. २१ गुणांचा सामना त्या खेळाला पुरेसा होता. रॉबिन्सनचं वाक्य शोभलं असतं ते या काळाला.

पण गावोगावचे नियम वेगळे होते. खुंटा किती उंच, नाल किती जड, अंतर किती, याचं एकमत नव्हतं. १६ मे १९१४ रोजी कॅन्सस राज्यातल्या कॅन्सस सिटीत काही मंडळी जमली, तीही एका न्यायालयाच्या दालनात, आणि पहिली नियामक संघटना स्थापन झाली. पाच वर्षांनी सूत्रं फ्लोरिडाकडे सरकली. उत्तरेकडचे लोक हिवाळा काढायला सेंट पीटर्सबर्गला यायचे आणि उन्हात नाल फेकत बसायचे. फेब्रुवारी १९१९ मध्ये तिथे झालेल्या स्पर्धेतून दुसरी राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९२१ मध्ये तिची ओहायोत रीतसर नोंदणी झाली आणि १९२५ मध्ये आजच्या नॅशनल हॉर्सशू पिचर्स असोसिएशनला सनद मिळाली. संस्थांचा हा भाग इथेच सोडू, कारण खरी घडामोड मैदानावर चालली होती.

१९२० मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनचा जॉर्ज मे सेंट पीटर्सबर्गला आला आणि विजेतेपद घेऊन गेला. त्याने नाल 'उघडा' पोचवण्याची रीत पक्की केली होती. नाल हवेत सपाट ठेवून ठरावीक वेळाच फिरवायचा, म्हणजे खुंट्यापाशी त्याचं तोंड बरोबर समोर येतं. ही वळणं आपल्या पाढ्यांतल्या अपूर्णांकांत सांगितली की चटकन डोळ्यांसमोर येतात. सव्वा वळण, पावणेदोन वळण, कुणी अडीचही. नाल हातात कुठे धरला यावर किती वळणं होणार ते ठरतं. बाजूने, म्हणजे दांडीवर धरला तर सव्वा किंवा पावणेदोन बसतं. बंद टोकाला धरून उलटा लोटला तर कोलांटी उडी घेत जातो. ती कोलांटी बघायला मजेदार, पण तसा नाल उसळण्याची शक्यता जास्त, म्हणून वरच्या पातळीवर ती फारशी दिसत नाही.

त्याच सुमारास नालाचंही घोड्याशी असलेलं नातं तुटलं. मिनेसोटातल्या डुलुथमध्ये ऑटो स्वानस्ट्रॉम या लोहाराने १९०८ मध्ये डायमंड काक हॉर्सशू कंपनी काढली होती. बर्फावर घोडा घसरू नये म्हणून नालात बसवायच्या खुंट्या हा तिचा मूळ धंदा. मोटारी वाढल्या, घोडे कमी झाले, तशी ही कंपनी फेकायचे नाल बनवू लागली. स्पर्धेचा आजचा नाल घोड्याच्या पायात बसणारच नाही. तो रुंदीला ७¼ इंचांपर्यंत, लांबीला ७⅝ इंचांपर्यंत आणि वजनाला जास्तीत जास्त २ पौंड १० औंस, म्हणजे साधारण १.१९ किलो असतो. तोंडाची फट साडेतीन इंच. दोन्ही टोकांना आतल्या बाजूने छोटे आकडे असतात. एक इंच जाड खुंटा साडेतीन इंचांच्या फटीतून आत शिरला की हे आकडे त्याला धरून ठेवतात, नाल उसळून बाहेर पडत नाही.

खुंटाही वाढत गेला. दोन इंचांवरून टप्प्याटप्प्याने चढत आज तो मातीवर १४ ते १५ इंच असतो आणि समोरच्या खुंट्याकडे सुमारे तीन इंच झुकलेला असतो. हा झुकाव उगाच नाही. वरून उतरणारा नाल झुकलेल्या खुंट्याला जवळजवळ काटकोनात भेटतो आणि घसरत खाली बसतो. मातीचंही तेच. वाळूत नाल उसळतो, भिजवलेल्या चिकणमातीत तो पडला की पडला, तसाच रुतून राहतो. मोठ्या स्पर्धांत खड्डा चिकणमातीचा असतो आणि ती मळलेल्या कणकेसारखी मऊ राहावी म्हणून तिला पाणी देत राहावं लागतं.

नाल, खुंटा आणि माती तिन्ही सुधारली आणि रिंगरचा पाऊस पडू लागला. गुणमोजणीची खरी कसोटी इथून सुरू झाली. स्पर्धेत जुनी पद्धत वजावटीची. माझा एक रिंगर, तुझा एक रिंगर, दोन्ही गेले, कुणालाच काही नाही. उरलेल्यातून हिशेब करायचा. समजा पहिल्याचा एक रिंगर आणि दुसरा नाल खुंट्यापासून चार इंचांवर; प्रतिस्पर्ध्याचाही एक रिंगर आणि दुसरा नाल तीन इंचांवर. रिंगर एकमेकांना खाऊन टाकतात आणि प्रतिस्पर्ध्याला १ गुण. पहिल्याचे दोन रिंगर आणि प्रतिस्पर्ध्याचा एकच, तर पहिल्याला ३. पहिल्याचे दोन आणि समोरच्याचा एकही नाही, तर सहा. चारही नाल खुंट्यावर एकावर एक चढले, तर पाटीवर शून्य. याला खेळाडू 'फोर डेड' म्हणतात. चार अचूक फेकी आणि फळ शून्य, असा डाव दुसऱ्या कुठल्या खेळात असेल असं वाटत नाही.

आता थोडं गणित. दोन्ही खेळाडूंच्या दहापैकी पाच फेकी रिंगर होत असतील, तर चारही नाल बसण्याची शक्यता सोळात एक. दहात आठ होत असतील तर ती ४१ टक्क्यांवर जाते. दहात नऊ म्हटलं की ६५ टक्क्यांच्या वर, म्हणजे दर तीन डावांतले दोन कोरेच. आणि असे नेमबाज खरोखर होते. कोलोरॅडोच्या टेड अ‍ॅलनने १९३३ ते १९५९ या काळात दहा जागतिक विजेतेपदं मिळवली. कॅनडाच्या एल्मर होलने १९६८ च्या जागतिक स्पर्धेत सरासरी ८८.२ टक्के रिंगर टाकले.

वजावटीचा कस लागला तो १९६५ मध्ये, न्यू हॅम्पशरमधल्या कीन गावी. ग्लेन हेंटन आणि रे मार्टिन समोरासमोर होते. सामना ५० गुणांचा, पण गुण लागतीलच कसे? एकाने दोन बसवले की दुसरा त्यावर दोन बसवायचा. पंच पुढे येऊन नाल उचलणार, पाटीवाला काहीच लिहिणार नाही, पुन्हा दोघं पलीकडच्या खुंट्याकडे वळणार. असं अडीच तास चाललं. निकाल लागेपर्यंत प्रत्येकाचे १९४ नाल फेकून झाले होते आणि हेंटनचे त्यातले १७५ रिंगर होते. अशा सामन्यात पाच इंचांवर पडलेला नाल म्हणजे एका गुणाची कमाई नव्हे, ती घोडचूक. तिच्यामुळे समोरच्याला तीन गुण मिळतात.

बघणाऱ्याला हे रोमहर्षक असलं, तरी वेळापत्रक लावणाऱ्याच्या डोक्याला ताप. पुढे वजावटीचा सामना ५० ऐवजी ४० गुणांवर आणला गेला. दुसरीकडे 'काउंट-ऑल' रुजली. यात वजावट नाही, ज्याचे जे पडले ते त्याचे. फेकींचा आकडा आधीच ठरलेला, ४० किंवा ५०. पन्नास फेकींत कमाल १५० गुण. सामना किती वेळ चालणार हे आधी कळतं आणि नवख्याच्या पदरातही काही पडतं, म्हणून लीग सामन्यांत ही पद्धत सोयीची. माझं मत विचाराल तर हिशेब म्हणून काउंट-ऑल अधिक न्याय्य आहे, पण झुंज आहे ती वजावटीतच. समोरच्याने टाकलेले दोन रिंगर पुसण्यासाठी हात वर जातो तेव्हाचा ताण, आपलेआपले गुण मोजत राहण्यात कुठून येणार?

दोन्ही पद्धतींत पंचाचं काम सारखंच बारकाईचं. नाल खुंट्याला वेढून आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. नालाच्या दोन टोकांवर सरळ पट्टी धरतात. पट्टी खुंट्याला शिवली नाही तरच रिंगर. केसाएवढी शिवली तरी तीनाचा एक होतो. शिवाय किंमत ठरते ती सगळ्यांचे नाल पडून झाल्यावरच. आपला बसलेला रिंगर समोरच्याच्या नालाने उडवून लावला, तर तक्रार नाही. खड्ड्याबाहेर पडून आत उसळलेला नाल बाद.

अंतराचा नियमही माणूस बघून लवचीक झाला. पुरुषांनी समोरच्या खुंट्यापासून ३७ फुटांच्या रेषेमागून फेकायचं, तर महिला, मुलं आणि सत्तरी ओलांडलेले पुरुष यांना २७ फुटांपर्यंत पुढे येता येतं. स्पर्धेतले गट मात्र रिंगरच्या टक्केवारीवर पडतात. म्हणजे दहात तीन बसवणारा आपल्यासारख्याशीच भिडतो. याच व्यवस्थेच्या अगदी टोकावर ओहायोतल्या डिफायन्सचा अ‍ॅलन फ्रान्सिस आहे. १९८९ पासून त्याची वीसहून अधिक जागतिक विजेतेपदं झाली आणि फेक कुठली, तर उलट्या दिशेचं पाऊण वळण. सव्वा-पावणेदोनच्या शाळेत शिकलेल्यांनी नवख्याला ही फेक क्वचितच सुचवली असती.

अंगणात यातलं फारसं काही पोचलेलं नाही. जॉर्ज बुश थोरले यांनी १९८९ मध्ये व्हाइट हाउसच्या आवारात नालफेकीचा खड्डा करून घेतला, तेव्हा तो खेळ असाच घरगुती होता. घरोघरी आजही सामना बहुधा २१ गुणांचाच असतो. लीनरला कुणी दोन गुण देतं, कुणी एक, आणि त्यावरून वाद घालायला पंच लागत नाही. सहा इंच मोजायला पट्टीही नसते. नालच खाली ठेवून बघतात, त्याच्या रुंदीत बसलं की 'जवळ'.