पार्श्वभूमी : गवत कापायच्या मशीनला अनुदान

पाऊस जरा उघडला की ठाण्यात आणि नवी मुंबईत सकाळी एक ओळखीचा आवाज सुरू होतो. सोसायटीच्या कुंपणाकडेला, पामबीच रस्त्याच्या दुभाजकावर, उपवन तलावाच्या आसपास गुडघाभर माजलेलं गवत कापायला कंत्राटदाराची माणसं येतात. खांद्याला पट्टा, पट्ट्याला अडकवलेली लांब दांडी, एका टोकाला गरगरणारी नायलॉनची दोरी आणि दुसऱ्या टोकाला, कमरेच्या मागे, टू-स्ट्रोक इंजिन. नेरूळच्या एका बागेत मी हे अगदी जवळून पाहिलं. माळ्याने पाण्याच्या बाटलीतल्या पेट्रोलमध्ये झाकणाने मोजून टूटी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनचं तेल, ओतलं, बाटली हलवली, टाकी भरली आणि चार वेळा दोरी ओढली. इंजिन सुरू झालं तसा निळसर धूर त्याच्या पाठीवरून तोंडापर्यंत चढला. तोंडाला रुमाल होता, कानाला काहीच नव्हतं. अशा पेट्रोलच्या मशीन बदलून बॅटरीच्या घ्यायला सरकारने अनुदान द्यावं का, आणि कसं, हा इथला प्रश्न.

टू-स्ट्रोक इंजिन हलकं असतं, स्वस्त असतं, कसंही तिरकं धरलं तरी चालतं. पण त्यात जळालेला वायू बाहेर पडत असतानाच नवं मिश्रण आत येतं, त्यामुळे पेट्रोलचा बराच भाग न जळता तेलासकट बाहेर जातो. आपल्या रस्त्यांनी हा धूर पुष्कळ खाल्ला आहे. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वाहनांच्या धुराविरुद्ध याचिका आली, त्यावर उपाय सुचवायला लाल समिती नेमली गेली, टॅक्सी आणि रिक्षा सीएनजीकडे वळल्या. पुढे उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक स्कूटरही दिसेनाशा झाल्या. रस्त्यावरून हद्दपार झालेलं ते इंजिन बागेत मात्र राहिलं, कारण खांद्याला लटकवलेल्या मशीनला ना नंबरप्लेट असते ना पीयूसी.

अशा मशीन बदलायला सरकारने पैसे द्यावेत हा विचार रुजला अमेरिकेत, आणि तिथे त्याची सुरुवात अनुदानाने झाली नाही, बंदीने झाली. कॅलिफोर्नियातल्या कार्मेल-बाय-द-सी या छोट्या गावाने १९७५ मध्येच पालापाचोळा उडवणाऱ्या ब्लोअरवर बंदी घातली. तक्रार तेव्हा आवाजाची होती. धुराकडे लक्ष नंतर गेलं: राज्याच्या हवा मंडळाने छोट्या इंजिनांसाठी पहिले नियम १९९० मध्ये केले, ते १९९५ पासून लागू झाले.

मला या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण लॉस एंजेलिसचं वाटतं. शहराने घरांपासून ५०० फुटांच्या आत पेट्रोलचे ब्लोअर वापरायला मनाई केली. तिथले माळी बहुतेक लॅटिन अमेरिकेतून आलेले, हातावर पोट असलेले. ब्लोअर गेला की त्याच पैशात दुप्पट वेळ झाडू मारायचा, हा हिशेब त्यांना लगेच कळला. जानेवारी १९९८ मध्ये ते सिटी हॉलसमोर उपोषणाला बसले. स्वच्छ हवेचा खर्च सगळ्यात कमी कमावणाऱ्याच्या माथी मारला, की तो विरोधात उभा राहणारच. अनुदानाची गरज खरी तिथे दिसते.

पुढचे प्रयत्न त्यामुळे पैशाच्या बाजूने झाले. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या हवा गुणवत्ता जिल्ह्याने २००३ पासून हिरवळ कापायचा जुना पेट्रोल मोअर द्या आणि विजेवरचा सवलतीत न्या, अशी अदलाबदल सुरू केली. जुनी मशीन थेट भंगारात जायची, म्हणजे ती दुसऱ्याच्या अंगणात पुन्हा सुरू होण्याचा प्रश्नच नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्याने एबी १३४६ हा कायदा केला. त्यातून आलेल्या नियमांनी २०२४ पासूनची बहुतेक नवी छोटी इंजिनं शून्य उत्सर्जनाची असावीत असं ठरलं. घरातली जुनी मशीन वापरायला मनाई नाही. सोबत छोट्या व्यावसायिकांसाठी ३ कोटी डॉलर ठेवले गेले. हवा मंडळाचा त्या वेळचा एक हिशेब असा: व्यावसायिक ब्लोअर तासभर चालवला तर धुरकं बनवणारे वायू इतके निघतात, जितके २०१७ ची टोयोटा कॅमरी सुमारे १,१०० मैल चालवून निघतील. हे अंतर मुंबई ते दिल्लीपेक्षा जास्त आहे. कोलोरॅडोने १ जानेवारी २०२४ पासून विजेवरच्या मशीनवर थेट दुकानातच ३० टक्के सूट दिली आणि दुकानदाराला ती करातून भरून दिली. आधी खिशातून भरा, मग अर्ज करून वाट पाहा, हे हातावर पोट असलेल्याला जमत नाही, म्हणून ही पद्धत मला जास्त शहाणपणाची वाटते.

आपल्याकडे विजेवर जाण्यासाठी पैसा नाही असं मुळीच नाही. २०१५ मध्ये विजेवरच्या गाड्यांना अनुदान देणारी फेम योजना आली, २०१९ मध्ये तिचा १०,००० कोटींचा दुसरा टप्पा, ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह. पण हे सगळं वाहनांसाठी. शेतकऱ्याला कुसुम योजनेत सौर पंप मिळतो, महाराष्ट्रात त्याला फक्त १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला, ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही त्याच्या यादीत आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या हवेसाठीच्या निधीतून ठाणे परिवहनच्या विजेवरच्या बस आल्या. वाहन आणि शेती यांच्या मधल्या फटीत बागेतली मशीन पडते.

आणि ती चालवणारा माणूसही. गवत कापणं हे ठाणे जिल्ह्यातलं जुनं, कष्टाचं काम आहे. इथलं गवत मुंबईतल्या जनावरांसाठी जायचं. १९४५ मध्ये तलासरी-डहाणूच्या वारली मजुरांनी किसान सभेच्या झेंड्याखाली संप केला, तेव्हा मागणी होती ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपयांची. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. तो भाग आज पालघर जिल्ह्यात आहे. कापणाऱ्याच्या हातात काय पडतं, हा प्रश्न तेव्हाही गवताच्या मुळाशी होता.

आज मशीन कंत्राटदाराची, पेट्रोल कंत्राटदाराचं, धूर माळ्याचा. म्हणून अनुदान नुसतं खरेदीदाराला देऊन भागणार नाही. बॅटरीची मशीन घेतली तर पेट्रोलचा खर्च वाचतो, पण सुरुवातीची किंमत जास्त. ओलं, जाड गवत कापताना बॅटरी लवकर उतरते, म्हणजे दिवसभराच्या कामाला जोडीला दोन-तीन बॅटऱ्या लागतात. एकच बॅटरी दिली तर दुपारी माळी पुन्हा जुनी मशीनच काढेल. तेव्हा बागांच्या देखभालीच्या निविदेतच बॅटरीची मशीन आणि जोडीच्या बॅटऱ्या लिहाव्यात, त्यांचा फरक हवेच्या निधीतून भरावा आणि जुनी मशीन जमा करून घ्यावी. चार्जिंगची अडचण त्यामानाने लहान आहे. बऱ्याच बागांत पाण्याच्या पंपासाठी विजेचा मीटर असतो, बोर्ड तिथेच बसवता येईल.