येऊरचा दयाळ आणि घोडबंदरची घरघर

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात पक्ष्यांचे आवाज टिपायला निघालेला माणूस दुकानात आधी मागतो तो लांब नळीचा शॉटगन माइक. समजूत अशी, की तो दूरचा आवाज जवळ ओढतो. ओढत काही नाही. बाजूने येणारा आवाज नळीच्या वेगवेगळ्या खाचांतून किंचित मागेपुढे आत शिरतो आणि स्वतःलाच खोडतो. समोरून आलेला शाबूत राहतो. हे खोडणंही नळीच्या लांबीवर अवलंबून. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे नळी २५ सेंटिमीटरची असेल तर तेवढीच तरंगलांबी साधारण १,४०० हर्ट्झला येते. त्याच्या बऱ्याच खालच्या आवाजांपुढे नळी असून नसल्यासारखीच. घोडबंदर रोडवरच्या ट्रकांची घरघर मुख्यतः तिथलीच: १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब!

खरोखर आवाज गोळा करते ती पॅराबोलिक डिश, म्हणजे आवाज माइककडे वळवणारी खोलगट थाळी. तिलाही आकाराची मर्यादा आहे. ५० सेंटिमीटरची डिश साधारण ७०० हर्ट्झच्या वर कामाला लागते आणि जितकं वर जावं तितकी ती जोरकस. दयाळ, शिंजीर यांच्यासाठी झकास. खाडीवरच्या रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्याचा घोगरा गलका मात्र तिच्यातून पातळ, पत्र्यासारखा ऐकू येतो. ऐरोलीच्या बाजूला मी डिश नेणारच नाही. तिथे साधे, सर्व दिशांनी ऐकणारे दोन ओम्नी माइक थोड्या अंतरावर लावले की थवा, पाणी, वारा सगळं जागच्या जागी ऐकू येतं.

ओम्नीचा आणखी एक फायदा म्हणजे तो वाऱ्याला आणि हाताच्या खडखडाटाला कमी बिथरतो. खाडीवर वाऱ्याशी गाठ आहेच. वारा माइकवर आदळला की तिथे भोवरे होतात आणि त्यांचा दाब थेट पडद्यावर बसतो. रेकॉर्डिंगमध्ये नुसती धडधड उरते. फोमची टोपी खोलीत ठीक. बाहेर केसाळ आवरण हवं, आणि त्याच्या आत माइकभोवती स्थिर हवेची पोकळी जितकी मोठी तितकं बरं. पैसे मोजकेच असतील तर माइक मध्यम घ्या, आवरण चांगलं घ्या.

माइकची स्वतःची सूंसूं हा दुसरा खर्चाचा मुद्दा. ५ डेसिबलचा माइक १४ डेसिबलवाल्यापेक्षा शांत, यात वाद नाही. पण ठाण्यात शहराची गुणगुण रात्रीही थांबत नाही, आणि तो फरक बहुतेक वेळा तिच्याखालीच बुडतो. त्यापेक्षा पक्ष्यापासूनचं अंतर निम्मं करा. उघड्यावर सुमारे ६ डेसिबल फुकट मिळतात. झाडाखाली माइक ठेवून लांब केबल सोडायची आणि आपण दूर बसायचं. (जंगलात शिरण्याआधी वनखात्याची परवानगी, हे वेगळं सांगायला नको.)

रेकॉर्डर ३२-बिट फ्लोटचा असला तर ढग अचानक गडगडला तरी फाइल फाटत नाही. माइकच थकला तर मात्र तोही काही करू शकत नाही. वटवाघळांची गोष्टच निराळी. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने घेत, रेकॉर्ड केलं तर त्याच्या निम्म्याच्या, २४ किलोहर्ट्झच्या, वरचं काही उरत नाही, आणि पुष्कळ वटवाघळं त्याहून वर बोलतात. त्यांना १९२ किलोहर्ट्झ किंवा त्याहून अधिक, आणि माइकही तसाच हवा.

पावसाळ्यात कंडेन्सर माइक तडतडू लागला तर बिघाड समजून घाबरू नका. दमट हवेने आतला विद्युतभार गळतो, वाळल्यावर बहुधा ठीक होतो. सिलिका जेल टाकलेल्या घट्ट डब्यात तो ठेवा, आणि एसी गाडीतून उतरल्यावर डबा लगेच उघडू नका. माइक बाहेरच्या हवेइतका कोमट झाला की मग झाकण काढा.