'ना-मे' म्हणजे नेम

भावाची लेक तिसरीत आहे. परवा सदाशिव पेठेत त्यांच्याकडे गेले, तर ती झोपाळ्यावर पाय हलवत घोकत होती, "एन-ए-एम-ई, ना-मे, नेम." भाऊ वैतागला, "नामे काय नामे!" तिनं माझ्याकडे मोर्चा वळवला, "आत्या, बोलायचा नाही तर तो ई लिहायचा कशाला?"

पोरीचं 'नामे' चुकलं नव्हतं, सहाशे वर्षं उशिरा आलं होतं. चौदाव्या शतकातला लंडनकर हा शब्द साधारण 'नाऽमअ' असाच म्हणे.

मग १४०० ते १७०० च्या सुमारास इंग्रजीतले दीर्घ स्वर जागचे हलले. येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञानं त्याला 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट' म्हटलं. आरशासमोर आ, ॲ, ए, ई म्हणून बघा. हनुवटी वर येत जाते, कारण जीभ टाळूकडे चढते. 'नाऽम' याच जिन्यानं 'नॅऽम', 'नेऽम' असा चढला. वरच्या पायरीवरचा जुना 'ए' सरकून 'ई' झाला, म्हणून 'मेऽट'चं 'मीट'. 'ई'ला मात्र वर जागाच नाही. जीभ आणखी उचलली तर टाळूला घासून स्वराचं व्यंजन होतं. मग तो फुटला आणि 'टीऽम'चा 'टाइम' झाला. जिभेच्या मागच्या बाजूलाही तेच: 'मोऽन'चा 'मून', 'हूऽस'चं 'हाउस'. खालच्यांनी ढकललं की वरच्यांनी जागा केली, यावर अभ्यासक अजून भांडतात.

१४७६ मध्ये कॅक्स्टन या इंग्रज मुद्रकानं लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. पुढे छापील स्पेलिंग रुळलं आणि उच्चार त्याला सोडून निघून गेला. स्पेलिंगातला शेवटचा ई (e) गप्प झाला, तरी बिनकामाचा नाही. 'मॅड' (mad) आणि 'मेड' (made) त्याच्यामुळेच वेगळे वाचता येतात.

'नाम' दिसलं म्हणून 'इंग्रजी संस्कृतातून निघाली' असं लगेच फॉरवर्ड करू नका. संस्कृत 'नामन्', लॅटिन 'नोमेन', फारसी 'नाम' आणि हा 'नेम' ही चुलत भावंडं. संस्कृत, ग्रीक, लॅटिनचं मूळ एकच असावं, हे विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशानं १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडलं होतं. आणि नावात जादा 'ए' घालून नशीब उघडणाऱ्या अंकशास्त्र्यांना विचारावं, कुठल्या शतकातलं स्पेलिंग मोजता?

आपणही काही कमी नाही. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'मुलाचें नांव' छापलंय. 'नामन्'मधल्या 'म'चा 'व' झाला, नाकातला सूर तेवढा मागे राहिला. 'नां'वरचा अनुस्वार म्हणजे तोच. पुढे तोही उच्चारातून गेला आणि १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी लिखाणातूनही. कपाटातून दाखला काढून भाचीपुढे धरला. तिनं बोट ठेवलं, "आत्या, हे टिंब कशाला?"