थोरला मुलगाच गादीवर? जर्मन डचींचं खरं काय होतं

एक समज फार वर्षं फिरतोय, की जुन्या जर्मन डचींमध्ये, म्हणजे ड्यूक पदवीच्या राजांच्या छोट्या राज्यांमध्ये, ड्यूक वारला की सगळं राज्य आपोआप थोरल्या मुलाला मिळायचं. इंग्लंडच्या गादीबद्दल इतकं वाचलेलं असतं की असं वाटणं साहजिकच आहे, पण मध्य जर्मनीतल्या थुरिंजियात बराच काळ हे खरं नव्हतं.

गोथाचंच घ्या. तिथला ड्यूक १६७५ मध्ये वारला, मागे सात मुलगे. आधी काही वर्षं एकत्र कारभार चालला आणि १६८० मध्ये चक्क वाटण्या झाल्या, गोथा-आल्टेनबुर्ग, कोबुर्ग, माइनिंगेन, र्‍योमहिल्ड, आयझेनबर्ग, हिल्डबुर्गहाउझेन, झालफेल्ड. एवढ्याशा मुलखाचे सात तुकडे, आणि प्रत्येकाला आपला वाडा हवाच, माइनिंगेनचा एलिझाबेथेनबुर्ग राजवाडा १६८२ मध्ये सुरू झाला तो यातूनच.

मग कोबुर्गची शाखा १६९९ला, आयझेनबर्गची १७०७ला, र्‍योमहिल्डची १७१०ला निर्वंश झाली आणि उरलेले भाऊबंद त्या जमिनीसाठी वर्षानुवर्षं भांडले. अशा वाटण्यांच्या त्रासामुळे एकेका घराण्याने थोरल्याचा हक्क कायद्याने लावून घेतला, म्हणजे तो नियम मागून आला, तोही सगळीकडे एकदम नाही.

तपासायचंय? थुरिंजियाचा १६८०च्या आसपासचा आणि १८२६ नंतरचा नकाशा शेजारी ठेवा. गोथाची शाखा १८२५ला संपल्यावर पुन्हा अदलाबदल झाली, कोबुर्ग तोवर झालफेल्डच्या शाखेकडे आलं होतं, तिच्या ड्यूकने झालफेल्ड सोडून गोथा घेतलं, हिल्डबुर्गहाउझेनचा ड्यूक आल्टेनबुर्गला गेला, त्याचा बहुतेक मुलूख माइनिंगेनला मिळाला. सोबत वंशावळही उघडा, धाकट्या मुलांच्या नावापुढेही ड्यूक आणि वेगळ्या गावाचं नाव दिसेल.