भिंतीवरचा गुमास्ता आणि संगणकावरचा माणूस

नवी मुंबईतल्या महाप्याच्या किंवा ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या कुठल्याही आयटी कंपनीत गेलात तर रिसेप्शनच्या मागच्या भिंतीकडे जरा बघा. आयएसओची चकचकीत प्रमाणपत्रे डोळ्यांत भरतील अशी लावलेली असतात. त्यांच्या आसपास, बहुधा कुंडीच्या आडोशाला, फ्रेममध्ये एक साधा सरकारी कागद असतो. तो म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी, बोलीभाषेत गुमास्ता. ठाण्यात गोखले रोडवरच्या साड्यांच्या दुकानाकडेही हाच कागद असतो. अमेरिकेतल्या बँकेचे सॉफ्टवेअर लिहिणारा आणि शालूची घडी घालणारा, दोघांचे कामाचे तास आणि सुट्ट्या मुळात एकाच कायद्यातून आल्या आहेत.

आत बसलेल्या माणसाकडे मात्र व्यवसायाचा परवाना नसतो, कारण तसा परवाना आपल्याकडे अस्तित्वातच नाही. चार्टर्ड अकाउंटंटसाठी १९४९ चा कायदा आहे, वकिलांसाठी १९६१ चा, आणि १९७२ च्या कायद्यामुळे नोंदणी नसलेल्याला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. ‘सॉफ्टवेअर इंजिनीअर’ मात्र कोणीही म्हणवून घ्यावे. गंमत अशी, की याच राज्यात सरकारी कारकुनाला एमएस-सीआयटी पास व्हावे लागते. ती परीक्षा दिली नाही म्हणून वेतनवाढ अडकलेले लोक ठाण्याच्या जिल्हा परिषदेपासून मंत्रालयापर्यंत सापडतील. संगणक वापरणाऱ्याला प्रमाणपत्र सक्तीचे आणि संगणकाला चालवणाऱ्याला कसलेच नाही, अशी आपली व्यवस्था आहे.

व्यवसायात शिरण्याच्या दारावर कोणीच उभे नसल्याने कायदा या माणसापर्यंत आडवाटेने पोहोचला. तोही बहुतेक वेळा काहीतरी घडून गेल्यावर. म्हणून हा इतिहास एका कायद्यात सापडत नाही.

सुरुवात कारकुनापासून होते. साठच्या दशकात एलआयसीने संगणक आणायचे ठरवले तेव्हा कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी तो बसूच दिला नाही. नोकऱ्या जातील ही भीती खरी होती आणि संघटना जोरात होत्या. बँकांमध्ये तिढा सुटला तो १९८३ साली, इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यातल्या करारामुळे. यंत्रे किती, कुठल्या कामासाठी, याची मर्यादा त्यात होती आणि ती चालवणाऱ्या कर्मचाऱ्याला विशेष भत्ता होता. पुढच्याच वर्षी बँकांच्या संगणकीकरणावरच्या रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखाशाखांतून लेजर पोस्टिंगची, म्हणजे खातेवहीतल्या नोंदी करणारी, यंत्रे बसली. त्या काळी नौपाड्यातल्या दर दुसऱ्या घरात कोणी ना कोणी बँकेत किंवा एलआयसीत असे, त्यामुळे हा भत्ता ठाणेकरांच्या चांगल्या ओळखीचा होता. मला या कराराचे महत्त्व नेहमी वाटत आले आहे. संगणकावर काम करणाऱ्याच्या अटी मालक आणि संघटना यांनी समोरासमोर बसून ठरवल्या, असे इतक्या मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडलेले नाही. पुढची पिढी खाडीपलीकडे ऐरोली-महाप्याला नोकरीला गेली आणि संघटना इकडेच राहिली.

ठाणे-बेलापूर पट्टा मुळात कारखान्यांचा. एमआयडीसीने रसायने, औषधे आणि इंजिनीअरिंगसाठी तो वसवला. १९९८ मध्ये राज्याचे पहिले आयटी धोरण आले, २००३ मध्ये दुसरे, आणि महाप्याचे मिलेनियम बिझनेस पार्क, वाशी स्टेशनवरचे आयटी पार्क, मग ऐरोलीचे सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) असे चित्र बदलत गेले. कारखान्याच्या जागी कार्यालय आले म्हणजे कारखाने अधिनियम गेला आणि त्याच्या जागी मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४८ आला. त्या कायद्यात बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवण्याची मनाई होती. अमेरिकेचा दिवस म्हणजे आपली रात्र, त्यामुळे कॉल सेंटरांसाठी सरकारने अटी घालून सूट दिली आणि काम सुरू झाले. अटी कागदावर बऱ्या होत्या. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीवर तिला न्यायला आलेल्या कंपनीच्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला. त्यानंतर गाडीत शेवटचा उतारू बाई नसावी, सोबत सुरक्षारक्षक असावा, चालकाची पडताळणी व्हावी, हे सगळे गांभीर्याने घेतले जाऊ लागले.

१९४८ चा कायदा अखेर २०१७ मध्ये बदलला आणि त्या वर्षीच्या १९ डिसेंबरपासून नवा लागू झाला. तो १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना होता. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईच्या संमतीनेच काम, आणि घराच्या दारापर्यंत वाहन, हे आता कायद्याच्या मजकुरातच आहे. २०१७ च्या मूळ मजकुरात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, त्यावर दुप्पट दराने ओव्हरटाइम, तोही तिमाहीत १२५ तासांपर्यंतच, असे होते. आयटीतल्या वाचकाला इथे हसू येईल. दुप्पट दराचा ओव्हरटाइम पाहिलेला टीम लीड माझ्या तरी माहितीत नाही. याचे कारण कायद्यातच आहे. गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षी स्वरूपाच्या पदांना त्यातून वगळले आहे. पण अशा पदांची यादी आस्थापनेने संकेतस्थळावर किंवा दर्शनी जागी लावायची आहे, ही अट फारशी कोणाला ठाऊक नसते. आपले नाव त्या यादीत आहे का, हे विचारायला हरकत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ९ चे १० तास, १२५ चे १४४ आणि १० कामगारांऐवजी २० अशा बदलांना मान्यता दिली. दिशा कुठली, हे आकड्यांवरूनच कळते.

दुसरी वाट पोलीस ठाण्यावरून येते. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला तेव्हा त्याचा रोख ई-व्यापार आणि डिजिटल सहीवर होता. गुन्ह्यांची कलमे होती, पण नोकरदाराच्या हातात परक्यांची माहिती रोज खेळणार आहे, याचा विचार त्यात फारसा नव्हता. एप्रिल २००५ मध्ये पुण्यातल्या एका कॉल सेंटरचे आजी-माजी कर्मचारी पकडले गेले. अमेरिकन बँकेच्या ग्राहकांकडून त्यांनी गोड बोलून पिन मिळवले होते आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर वळते केले होते. परदेशी क्लायंट बिथरले. मग धंदा वाचवायला उद्योगच पुढे सरसावला. जानेवारी २००६ मध्ये आयटी कंपन्यांची संघटना नॅसकॉम हिने नॅशनल स्किल्स रजिस्ट्री ही कर्मचाऱ्यांची नोंदवही सुरू केली. बोटांचे ठसे द्या, आयटीपिन हा ओळख क्रमांक घ्या, मग जॉइन व्हा. २००८ मध्ये डेटा सिक्युरिटी कौन्सिल आली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात ४३ए आणि ७२ए ही कलमे घातली. पहिले, माहिती नीट न सांभाळल्याबद्दल कंपनीला भरपाई द्यायला लावते. दुसऱ्यात, करारानुसार हाती आलेली वैयक्तिक माहिती गैर लाभासाठी किंवा कोणाचे नुकसान करण्यासाठी फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. सोर्स कोड चोरण्याचा स्वतंत्र उल्लेखही याच दुरुस्तीतला. ‘मीच तर लिहिलाय’ म्हणून नोकरी सोडताना कोड पेनड्राइव्हवर नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कंपनीच असते.

आपल्या ठाणे जिल्ह्याने या कायद्याच्या इतिहासात दोनदा भर घातली. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर फेसबुकवर लिहिणारी एक मुलगी आणि ते ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण, दोघींना पालघरमध्ये अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. त्यातून, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा सांगणाऱ्या ६६ए कलमाला आव्हान मिळाले आणि श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केले. दुसरी घटना ऑक्टोबर २०१६ ची. ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून अमेरिकेतल्या लोकांना करखात्याच्या नावाने धमकावून पैसे उकळले जात होते. सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले, सत्तरेक जणांना अटक झाली. त्यात नुकतीच बारावी झालेली, चांगले इंग्रजी बोलता येते म्हणून लागलेली पोरेही होती. ‘मी फक्त स्क्रिप्ट वाचत होतो’ हा बचाव किती टिकतो, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळत आहे. कुठल्याही व्यवसाय-मंडळाची आचारसंहिता त्या पोरांपर्यंत कधी पोहोचलेली नव्हती.

आचारसंहिता नाहीत असे नाही. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ पासून आहे, तिची संहिताही आहे, पण सभासद होणे ऐच्छिक. अमेरिकेतही वेगळी स्थिती नाही. टेक्सासने १९९८ मध्ये सॉफ्टवेअर इंजिनीअरला परवाना देण्याचे ठरवले. एसीएम या संगणक-व्यावसायिकांच्या संस्थेने, आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या कॉम्प्युटर सोसायटीबरोबर, सॉफ्टवेअर अभियंत्यांची आचारसंहिता मंजूर केली आणि १९९९ मध्ये परवाना पद्धतीला मात्र विरोध केला. तिथली परवाना परीक्षा २०१३ मध्ये सुरू होऊन २०१९ मध्ये बंद पडली, कारण बसायला उमेदवारच मिळेनात. आपल्याकडे ‘स्टँडर्ड’ म्हणजे क्लायंट मागेल ते. भिंतीवरचे आयएसओ कंपनीचे असते, माणसाचे नव्हे.

तिसरा धागा सगळ्यात गुंतलेला. संगणकावर काम करणारा कामगार आहे का? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कौशल्याचे आणि तांत्रिक काम करणारा कामगारच होता. पदनाम काय याला महत्त्व नाही, काम काय करतो ते बघायचे, असे न्यायालये सांगत आली. पण व्हिजिटिंग कार्डवर ‘असिस्टंट मॅनेजर’ छापले की आपण कामगार कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, हा समज आपल्याच लोकांनी जपला. एचआरने मीटिंग रूममध्ये बोलावून ‘स्वतःहून राजीनामा द्या, रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल’ म्हटले की सही होते. तमिळनाडू सरकारने २०१६ मध्ये आयटी कर्मचाऱ्यांना संघटना करता येते असे स्पष्ट केले. आपल्याकडे तर १९७१ चा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा राज्याचा स्वतःचा कायदा आहे, आणि तो गिरणी कामगारापुरता कधीच नव्हता. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जगभरातले सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा ठाण्या-ऐरोलीच्या लोकलमध्ये पहिल्यांदाच मी लोकांना कामगार आयुक्तांविषयी बोलताना ऐकले. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला केंद्राच्या चारही कामगार संहिता लागू झाल्या. पर्यवेक्षी काम करणाऱ्याला कामगार ठरण्यासाठी वेतनमर्यादा आता महिना १८ हजार रुपये आहे, म्हणजे ऐरोलीतला टीम लीड पर्यवेक्षक ठरला तर बाहेरच. मुदतीच्या करारावरच्यांना एका वर्षाने ग्रॅच्युइटी, आणि नेमणूकपत्र सक्तीचे, हे फायद्याचे.

बॉण्डबद्दल, म्हणजे नोकरी सोडण्यावर बंधन घालणाऱ्या करारनाम्याबद्दल, थोडक्यात. १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करू नका असे बांधून ठेवू देत नाही. पण नोकरी चालू असतानाचा बॉण्ड वेगळा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेची, तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट ग्राह्य धरली. बँक सरकारी होती, भरती जाहिरात देऊन झाली होती, याला त्या निकालात वजन आहे. महाप्यातल्या ४० माणसांच्या कंपनीने फ्रेशरकडून कोरा चेक घेऊन ठेवणे हे त्या निकालात बसवता येईल असे मला वाटत नाही.

अलीकडच्या नियमांनी मात्र थेट सर्व्हर रूममध्ये बसणाऱ्या माणसाला गाठले आहे. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले. अर्ज मुदतीत भरला की नाही, यावरून वाद होऊन निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओपर्यंत तो पोहोचला, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी कायद्याने मागितलेले, सीडीसोबतचे प्रमाणपत्र द्यायला अधिकारी तयार नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले, की मूळ यंत्र कोर्टात आणले नसेल तर प्रमाणपत्र हवेच, आणि मागूनही मिळाले नाही तर न्यायालयाकडे दाद मागावी. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात या प्रमाणपत्राचा छापील नमुनाच आहे. त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, लिहायचे, ते काढायची पद्धत एसएचए-२५६ की एमडी५ यावर खूण करायची, आणि दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही. सोसायटीच्या सीसीटीव्हीचे फुटेज काढून देणाऱ्या पोराला ‘यावर सही करा’ म्हटले की तो दोन पावले मागे सरकतो, ते उगाच नाही.

दुसरा नियम सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, २८ एप्रिल २०२२ चा. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, लॉग (यंत्रांवरच्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे, सर्व यंत्रांची घड्याळे सरकारी वेळेशी जुळवायची. रबाळे-ऐरोली-महापे हा आज देशातला डेटा सेंटरांचा मोठा पट्टा आहे, त्यामुळे हे नियम इथे रोजचे. रात्री दोनला सर्व्हरवर काही संशयास्पद दिसले तर सकाळी आठच्या आत कळवायला हवे. शिफ्टवरचा पोरगा मॅनेजरला उठवतो, मॅनेजर क्लायंटच्या परवानगीची वाट बघतो, क्लायंटचे वकील न्यू जर्सीत. घड्याळ कोणासाठी थांबत नाही, आणि न पाळल्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. २५० कोटींपर्यंतचा दंड कंपनीच्या माथी. ती मुदत संपली की जुने ४३ए जाईल. ७२ए राहणार आहे, आणि ते कंपनीपुरते नाही, कोणत्याही व्यक्तीला लागू होते.